शून्यात उभी असलेली माणसं

तार्तू. सकाळचे आठ, आणि अजून रात्रच.
नदी गोठलेली; खिडकीतून पाहिलं
तर तिचंही सगळं ठीक चाललेलं दिसतं.

माझ्या भिंतीवर बारा आलेख, बाराही हिरवे.
मेमरी ऐसपैस. रांगा तुरळक.
चुका: शून्य.
गोल, सुबक, पोकळ.

फोनवर हेल्वे, सारेमा बेटावरची औषधवाली:
"तुमच्याकडे ठीक असेल हो.
माझ्यासमोर एक आजीबाई उभ्या आहेत, धाप लागलेल्या.
डॉक्टरांनी काल चिठ्ठी लिहिलीय,
आणि ती कुठेच नाही."

लॉग उघडले. लाखो ओळी.
प्रत्येक सेवा आपापल्यापुरतं खरं सांगणारी,
भावकीच्या भांडणातल्या साक्षीदारांसारखी.
विनंती मिळाली. पुढे पाठवली.
नोंद सापडली नाही.
हेही तक्रार म्हणून नाही,
नुसतं सहज, माहितीसाठी.

म्हटलं, हेल्वे, पडद्याच्या तळाशी लांबलचक क्रमांक आहे, वाच.
ती वाचत गेली, मी टंकत गेले.
आणि ते सूत धरून निघाले:
दवाखाना, दार, ओळख पटवणारा,
रांग, पुन्हा एक दार...
अकरा थांबे.
दहाव्यावर नाव बदललेलं.

आजींचं नाव ओइए. म्हणजे बहर.
त्यातल्या पहिल्या अक्षराच्या डोक्यावर आम्ही एक लाट काढतो.
मंगळवारी रुजू झालेल्या नव्या सेवेनं
अक्षर वेगळं केलं, लाट वेगळी.
दिसायला तेच,
मोजायला दोन.
कोठार एकालाच ओळखत होतं.

(बेटावरची माणसं तर ते अक्षर उच्चारतच नाहीत.
आम्ही त्यांना त्यावरून चिडवतो.
आता कुठल्या तोंडानं चिडवणार?)

मग यंत्राला तो प्रश्न विचारला
ज्याचा आलेख कुणीच काढून ठेवला नव्हता:
लाटेनं सुरू होणारी नावं किती अडकली?

चारशे बारा.
चारशे बारा माणसं
त्या शून्यात उभी होती.

जुनी सेवा परत आणली. रायवो म्हणाला,
तेरावा आलेख लावू. लाव बाबा.
पण पुढची चूक काही आपल्याला विचारून
याच अक्षरावर बसणार नाही.
मी प्रत्येक थांब्याला एवढंच शिकवत बसले:
जाताना सांगत जा,
हातात काय घेतलं होतंस, काय निसटलं.

फोन ठेवायचा राहिला होता.
पलीकडे खण उघडल्याचा आवाज,
कागदी पिशवीची कुरकुर,
आणि ओइए विचारत होत्या,
हे जेवणाआधी घ्यायचं, की नंतर.