खांब नसलेली गाडी

सलमाबादच्या तिसऱ्या गल्लीत
टायरवाला आणि बर्फवाला यांच्या मधे आमचं गॅरेज.
ऑगस्ट महिना. पाना उचलायचा
तर आधी फडकं शोधायचं.

ती आली ट्रकवर बसून,
दवाखान्यात नेलेल्या मावशीसारखी अंगभर चादर घेऊन.
पासष्ट सालची. रंग कैरीच्या सालीचा,
उन्हाने जागोजाग पिकलेला.
छप्पर मागे दुमडलेलं.
कंबरेला दोन पट्टे, बकलं गंजलेली,
खांद्याला काहीच नाही.

हसन अल-अस्फूर म्हणाले,
"खांद्याचा पट्टा बसव. उजव्या सीटला.
माझ्या सीटला नको."

पट्टा म्हटलं की मला आधी मास्तर आठवतात,
मग शेजाऱ्यांचा कुत्रा.
पण बंद गाडीत हे अर्ध्या दिवसाचं काम,
दाराच्या मागे खांब असतो,
खुंटीला सदरा अडकवावा तसा पट्टा अडकवायचा.
हिला खांबच नाही.
दार संपलं की वारा सुरू.

आता वाऱ्याला बोल्ट कसा मारणार?

पुन्नूस म्हणाला, जमिनीतून वर आण,
सीटच्या पाठीवरून, कोण बघतंय.
नाही, म्हटलं. धक्का बसला की
खालून ओढलेला पट्टा खांद्याला खाली दाबतो
आणि मणका चेपतो.
आधार खांद्याच्या उंचीला हवा,
किंवा बोटभर वर.
हे मी कुठे शिकलो ते इथे सांगत नाही.

मागचं सीट काढलं. खाली निघाल्या
खजुराच्या सोळा बिया, शंभर फिल्सचं एक नाणं,
केसांची एक पिन.
सगळं डब्याच्या झाकणात घालून ठेवून दिलं.

छपराचा सांगाडा दुमडून बसतो
तो आणि पत्रा यांच्या मधे चार बोटं जागा सापडली.
पुन्नूसने तिथे पोलादाची पट्टी आडवी जोडली,
चाकाच्या एका कमानीपासून दुसऱ्या कमानीपर्यंत,
आणि तिच्यावर आखूड खांब उभे केले,
सीटच्या पाठीआड लपतील एवढे.
दोन.
एकच सांगितला होता, माहीत आहे.

चौथ्या दिवशी हसन आले. झाकणातली
पिन तेवढी उचलली.
"ती इथे बसायची," म्हणाले.
"मी ब्रेक मारला की माझा हात
तिच्यापुढे आपोआप आडवा जायचा. असा."
दाखवायला हात उचलला.
तो छातीपर्यंत आला आणि थांबला.
गेल्या हिवाळ्यापासून तेवढाच येतो.
"आता बतूल बसणार. नात. नऊ वर्षांची."

मी पाना लावला,
टक् वाजेपर्यंत आवळला.

खांदा द्यायचा माझाही एकदा राहिलाय.
हर्णैला अब्बांचा जनाजा निघाला तेव्हा
मी इथेच, एका टेम्पोखाली उताणा,
छातीवर गिअरबॉक्स,
आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात.
चुलतभाऊ गेला माझ्या जागी.
रात्री फोनवर म्हणाला, हलके होते रे.

संध्याकाळी गाडी बाहेर काढली.
डाव्या बाजूचा पट्टा बघून हसननी भुवई उचलली.
म्हटलं, "एकाचेच पैसे द्या,"
आणि वाकून तो त्यांच्या खांद्यावरून घेतला,
बकल लावलं. ते लहान मुलासारखे
मान वर करून बसले.

उजव्या सीटवर वजन म्हणून मी.
गोदामांच्या मागे रस्ता रिकामा,
वारा दमट, गरम, तोंडावर ओला टॉवेल टाकल्यासारखा.
"चाळीसवर न्या. आता ब्रेक."

रीळ आतल्या आत अडकलं,
पट्टा माझ्या खांद्यावर ताठ झाला
आणि त्याच क्षणी शेजारून
त्यांचा हात निघाला, आडवा,
गिअरच्या दांडीपर्यंत आला,
माझ्यापासून वीतभर अलीकडे थांबला.

दोघंही समोर बघत होतो.
"अजून एकदा," मी म्हणालो,
"बोल्ट बघायचाय."