आळत्यातला सातवा खड्डा

शाळू निघून दोन महिने झालेलं रान.
भेगा अशा, की इलाहीनं कमरेचा चाव्यांचा जुडगा
आधी काढून बांधावरच्या बोरीला अडकवला.
"मागं एकदा सायकलची चावी गेली," म्हणाला,
"अजून चाललीया खाली."

दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, दगड लागेल तिथवर खोल:
माझ्या कागदावर एवढंच.
टिकावाचा पहिला घाव बसला तेव्हा
भुजगोंडा मगदूम धोतराचा सोगा सावरत म्हणाले,
"दगुड लागला की हाक मारा, बाई. मी हितंच हाय."

वरची वीतभर माती सगळ्यांच्या ओळखीची.
शेंगदाण्याच्या कुटासारखी रवाळ,
शाळवाची धसकटं, हुमणीची एक गुबगुबीत अळी.
तिच्याखाली चार बोटांचा थर
ट्रॅक्टरच्या चाकांनी दाबून दाबून केलेला.
सुरी तिथं अडते. मुळं आडवी वळतात,
कुलूप बघून परत फिरलेल्या पाहुण्यांसारखी.

मग काळी.
रंगाच्या पुस्तकातले चौकोन तिच्याशेजारी धरून पाहिले;
त्यांतला एक जुळला, पण मला आठवला
धुतलेल्या म्हशीच्या कानामागचा रंग.
ढेकूळ दाबलं तर पाचरी सुटतात,
आणि सुटल्या जागी चकाकी:
दरसाल फुगताना, दरसाल आकसताना
एक पाचर दुसरीवर घासून आलेली,
जुन्या उंबऱ्याला येते तशी.
चिमूटभर भिजवून तळव्यावर वळली.
शेवई झाली. शेवईचं कडं झालं.
कडं मोडलं नाही.

"पाणी जास्त झालं की रुसती," भुजगोंडा वरून सांगत होते,
"कमी झालं की तोंड फाडती.
मधी दोन दिस असत्यात वाफश्याचं, तेवढ्यात गाठायची.
त्या दोन दिसांत मी सोयरीक बघायलासुद्धा जात न्हाई."

पंच्याहत्तर सेंटिमीटरवर खोरं वाजलं.
दगड लागला म्हणून मी वाकले, तर पितळ.
बैलाच्या शिंगाची शेंबी, चेपलेली, हिरवी पडलेली,
आत मातीचंच एक शिंग गच्च बसलेलं.

भुजगोंडांनी ती उन्हात धरली.
"आमचा शेवटचा बैल गेला त्येला तीस वर्सं झाली.
आनि नांगर हितवर कधी उतरला न्हाई."
मी सांगितलं: उन्हाळ्यात वरचं भेगेतनं खाली पडतं,
भिजली की माती फुगते, खालचं वर रेटते,
कुणी न जुंपताच हे रान स्वतःला नांगरत असतं.
त्यांनी ऐकून घेतलं. जरा वेळानं विचारलं,
"म्हंजे ही खाली चाललीती, का वर यायलीती?"

मला सांगता आलं नाही.

पुढं माती फिकी होत गेली.
चुन्याचे खडे, आधी साबुदाण्याएवढे, मग सुपारीएवढे;
आम्लाचा थेंब पडताच फसफसले.
"सोडा-लिंबू," इलाही म्हणाला, आणि पाणी प्यायला वर गेला.
त्याखाली मुरूम, पिवळट, कुठं तांबूस,
आणि मुरमात कांद्यासारखे धोंडे.
एक पापुद्रा सोलला, दुसरा सोलला, तिसरा हातातच भुगा झाला.
गाभ्याशी मुठीएवढा काळा दगड,
अजून माती व्हायला तयार नसलेला.
साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो इथं वाहत आला होता.
तक्त्यात त्याच्यासाठी एकच अक्षर: आर.

हाक मारली.
भुजगोंडा बोरीखाली बसून
बाभळीच्या काट्यानं शेंबीतली माती कोरत होते.
"आलो," म्हणाले, पण उठले नाहीत.

तिन्हीसांजेला खड्डा बुजवला.
आधी मुरूम, मग चुनखडी, मग काळी, वरची वर.
सगळं होतं तसं, तरी दोन घमेली उरली.
दरवेळी उरतात.
"असू दे. बसंल पावसानं," भुजगोंडा म्हणाले.

इलाहीनं बोरीवरच्या चाव्या काढून कमरेला लावल्या,
आणि गाडीपर्यंत भेगा ओलांडताना
एक हात त्यांच्यावर दाबून धरला.