चौसष्टात एक

एसटी मठापर्यंत येते ना येते
तोवर रिपोर्ट तीनदा उघडला, तीनदा मिटला.
नाव बरोबर, स्नेहलता उल्हास रेडकर.
वय एक्केचाळीस, तेही बरोबर.
खाली तांबड्या अक्षरांत हाय रिस्क
आणि शेजारी आकडा,
चौसष्टात एक.

सावंतवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी
पेन उलटं धरून टेबलावर टिचकी मारली होती.
"हा निकाल नाही, ही चाळण आहे.
तुमच्या नुसत्या वयावरूनच ऐंशीत एक होतं.
रक्त आणि बाळाच्या मानेमागचं माप धरून
ते चौसष्ट झालं.
अडीचशेच्या आत आलं की मशीन तांबडं छापतं,
ते कुणाचंही असो."
त्यांच्या मागे भिंतीवर पाटी,
मुलगा की मुलगी सांगितलं जाणार नाही.
मी तेवढं सोडून सगळं विचारायला गेले होते
आणि एकही प्रश्न आठवला नाही.

चाळण म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.
वीस वर्षं वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात
अख्खा इकडे, पाकळी तिकडे, कणी खाली,
डागी गर वेगळ्या डब्यात.
दोनशे चाळीस नंबर म्हणजे
पौंडाला साधारण तेवढे गर.
लहान आकडा, मोठा काजू, चढा भाव.
इथे उलटं.
आकडा लहान होतो तशी भीती जाड होते.
बोटांना इतकी वर्षं शिकवलेलं
एका कागदाने उसवून ठेवलं.

उल्हास बर्फाचा टेम्पो बंदरावर रिकामा करून आला,
हात अजून गार.
"काय म्हणता गो रिपोर्ट?"
चौसष्टात एक, म्हटलं.
बराच वेळ गप्प. मग,
"आणि बाकीचे त्रेसष्ट खंय गेले?"
मला हसू आलं,
मग ते आवरेना,
मग दुसरंच काहीतरी आवरेना.

तो झोपल्यावर ताटात गर मोजून घेतले, चौसष्ट.
एकाला कुंकवाचं बोट लावलं.
ताट हलवलं, डोळे मिटले, उचलला.
पांढरा.
परत. पांढरा.
अकरा वेळा पांढरा.
बाराव्या वेळी डोळे उघडेच ठेवले
आणि तो तांबडा मुद्दाम शोधून तळहातावर घेतला.

त्या एकाला मी ओळखते.
शिरोड्याच्या मावसबहिणीचा बाबल, सव्वीस वर्षांचा.
तिठ्यावर उभा राहून येणाऱ्या प्रत्येक एसटीला सलाम ठोकतो,
गाडी उशिरा आली तर ड्रायव्हरला मनगट दाखवतो,
मनगटावर घड्याळ नसतं.
चौथ्या वर्षी त्याचं हृदय उघडून शिवलं.
बहीण तेव्हापासून कुठल्या लग्नात
वस्तीला राहिलेली नाही.
मागे एकदा मीठ भरता भरता म्हणाली,
"तेचो तरास नाय गो.
माझ्या मागसून तेचा कोण?
ह्या एकाच गोष्टीन झोप येणा नाय."
आणि लगेच त्याला हाक मारून विचारलं,
सावंतवाडीची गेली काय रे?
"गेली," तो म्हणाला. "सात मिनटां लेट."

बुधवारी गर्भजल काढायचं.
सुई आत जाते, तिचाही एक आकडा आहे,
तो लिहून घेतलाय, पाठ केला नाही.
मग दोन आठवडे वाट.
पुढे काय, ते उल्हासने विचारलं नाही,
मला विचारलं असतं तरी
माझ्याकडे नव्हतं.

सकाळी रजिया ओरडली,
"लक्ष कुठेय तुझं? पाकळीत अख्खे टाकतेयस."
डब्यात हात घालून एकेक बाहेर काढला.
शेवटचा खिडकीकडे नेऊन उजेडाला धरला.
बाहेरून काही दिसत नाही.
वीस वर्षांत पहिल्यांदा
सुपरवायझर बघत असताना
तोंडात टाकला.