वाचनकाळ: चार मिनिटं

दर शुक्रवारी रात्री मी एक पत्र पाठवते
या शहरातल्या एका पाटीबद्दल.
पाटी म्हणजे दुकानावरची, जुनी, रंग उडालेली.
सहा वर्षं झाली. चारशे अकरा माणसं वाचतात.
म्हणजे, चारशे अकरा पत्ते आहेत माझ्याकडे;
वाचतात का, ते कळायची सोय नव्हती,
आणि नव्हती तेच बरं होतं.

मग कंपनीनं अ‍ॅप काढलं.
निळा चौकोन, त्यात पांढरं पाकीट, पाकिटाला पंख.

घाटकोपरच्या पारुल संघवींनी कळवलं:
छान दिसतं हो, पण तुमच्या पत्राच्या वर
एक शेअरबाजारवाला बसतो आणि खाली केसगळतीवाला.
दहिसरचा निनाद खोत: ताई, आता तरी फोटो मोठे टाका.
एकानं नुसता अंगठा दाखवला. कशाला, ते कळलं नाही.

सुहासिनी गुप्ते लोणच्यांवर लिहिते.
रात्री अकराला तिचा फोन:
अगं, तक्कूवर तेवीस माणसं वाढली! एका दिवसात!
तू बघ ना जरा तुझे आकडे.

बघितले. खोटं कशाला बोलू,
फोडणी करपेपर्यंत बघितले.
दुसऱ्या परिच्छेदापाशी एकशे नव्वद जण उठून गेले होते,
पंगतीतून भाताच्या आधीच उठावं तसे.
पुढच्या शुक्रवारी मी पहिला परिच्छेद सात वेळा लिहिला
आणि शेवटचा लिहायचा राहूनच गेला.
कुणी विचारलंही नाही.

बदाम आले मात्र. सत्तावीस.
आवडले मला.

परळच्या इस्पितळात रात्रपाळीला असते
दीपज्योती शेलटकर. ती आता वाचत नाही, ऐकते.
अ‍ॅपमधली बाई वाचून दाखवते,
ड्रेसिंगच्या ट्रॉलीशेजारी, एका कानात.
बरी वाचते, म्हणाली, पण तिला ळ येत नाही.
तुमचे ते काळबादेवीचे काळे बंधू कुलुपवाले,
त्यांना ती काले बंधू म्हणते.

आता ते पत्रच मुळी ळे पडलेल्या पाटीचं होतं:
का, मग दोन गंजके खिळे, मग बंधू.
दीपज्योतीनं चार सेकंदांचा आवाज पाठवला,
मागे कुठलंतरी यंत्र टीं टीं करतंय,
आणि ही दबक्या आवाजात: ळ. ळ. ळे.
तिला शिकवा म्हणे कुणीतरी.

माझगावचे विश्राम आजगावकर
अ‍ॅपमध्ये राखाडी झाले होते.
निष्क्रिय वाचक. चौदा महिने काही उघडलेलं नाही.
काढून टाकायचे?
खाली दोन बटणं, हो मोठं, नंतर लहान.

मी फोन लावला. घाबरतच लावला,
वय ऐंशीच्या पुढचं.

वाचतो की, म्हणाले. न वाचायला काय झालं?
दर शनिवारी मुकादमच्या झेरॉक्सवर जातो.
पत्र त्याच्याकडे उतरतं, माझ्या नावचं.
तो छापतो. दोन पानं, चार रुपये.
आधी तो वाचतो, मग मला देतो,
मग आमच्या मजल्यावर फिरतं,
शेवटी हिच्या कपाटात, साड्यांखाली अंथरायला.

किती जण वाचतात, मी विचारलं.
लाज वाटली विचारताना, पण विचारलं.

जन्मभर गोदीत पेट्या मोजलेला माणूस.
पलीकडे कागदावर पेन्सिल ऐकू आली,
चार उभ्या रेघा, एक आडवी,
पुन्हा चार उभ्या, एक आडवी, आणि एक सुटी.
अकरा, म्हणाले. थांबा,
पाग्यांची सून माहेरी गेलीय. दहा.

मी नंतर दाबलं.
दर शुक्रवारी ते पुन्हा विचारतं,
मी पुन्हा नंतर दाबते.

फोन ठेवता ठेवता ते म्हणाले,
आणि हो, अक्षर थोडं मोठं करा.
मुकादम म्हणतो, मग तीन पानं होतील.
सहा रुपये.
चालतील.