पहिला हात

कुडाळच्या पार्लरातली प्रणिता म्हणाली होती,
हायलाइट्स केले की पांढरे केस कळत नाहीत,
पांढऱ्याला सोबत मिळते.
सहा वर्षं मी त्या सोबतीचे पैसे भरले.
दर तीन महिन्यांनी पहाटेची एस्टी,
मग डोक्यावर चंदेरी कागदाच्या पुड्या बांधून
खुर्चीत गप्प,
हळदीच्या पानात गुंडाळलेल्या बांगड्यांसारखी.

यंदा प्रणिता लग्न होऊन मडगावला गेली,
आणि इथे निवतीच्या वाळूवर, फाटक्या छत्रीखाली,
डॉल्फिन बघणाऱ्यांच्या पावत्या फाडता फाडता
मधाच्या रंगाच्या माझ्या बटा
आधी तांब्याच्या झाल्या, मग पितळेच्या,
मग कशाच्या, ते जाऊने सांगितलं:
"डोक्यार सुंब घेवन खंय चललंस गो?"

तेव्हा परुळ्याच्या मेडिकलातून खोकं आणलं.
गडद तपकिरी, सगळ्या डोक्याला एकच.
घरच्या घरी, मागीलदारी, रविवारी.

सगुण होड्या रंगवतो.
नारळी पौर्णिमेच्या आधी महिनाभर
त्याला स्वतःची नखं दिसत नाहीत.
खोकं हातभर लांब धरून त्याने वाचलं.
"असा नाय चलाचा," म्हणाला.
"कोरा लाकूड येगळा, खरवडलेला येगळा.
तुज्यो ह्यो पिवळ्यो बटो म्हणजे
तीन वर्सां उनात उपडी पडलेली होडी.
रंग पितल्यो, पितल्यो, नि काळ्यो पडतल्यो,
नायतर शेवाळी.
तेंका आदी लाल हात देवक व्हयो. अस्तर."

मला वाटलं, चेष्टा.
मुंबईच्या भाचीला फोन लावला.
ती म्हणाली, अगदी बरोबर,
पण मामा हे शिकला कुठे?

पुन्हा परुळे. दुसरं खोकं, तांबूस.

खांद्यावर जुना परकर, कानांच्या पाळ्यांना खोबरेल.
हातमोजे त्याच्या पंजात शिरेनात, फाटले,
मग मासळीच्या पिशव्या मनगटाला सुतळीने बांधल्या.
कंगव्याच्या शेपटीने भांग पाडत
फळी फळीने तो पुढे सरकला,
आधी फक्त पिवळ्यावर, लाल,
मग वाट बघून, सगळीकडे, तपकिरी.
हा हात इतका हळू चालतो,
हे मला पंचवीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.
होड्यांना ठाऊक होतं.

मागे, मानेच्या वर, तो थांबला.
"हंय पांढरे लय असत."
सहा वर्षं मी ते लपवले ते कुणापासून,
तर त्याच्यापासूनच,
आणि आता तोच मोजत होता, मोठ्याने.
बावीसवर मी म्हटलं, पुरे.

पस्तीस मिनिटं हलायचं नाही.
तो समोर चिऱ्यावर बसला, एक डोळा मिटून,
कुठे हात सुटलाय का बघत.
आमच्या विहिरीला मे महिन्यात खारेपण येतं,
म्हणून शेजारच्या बावीचं पाणी ओढून आणलं त्याने,
चार कळश्या.
पाणी आधी काळं आलं, मग चहासारखं,
मग नुसतं पाणी.
खालच्या चिऱ्याला काही फरक पडला नाही,
तो मुळातच लाल.

आरशात मी बघितलं.
सुंब नव्हतं. शेवाळही नव्हतं.
कोणीतरी ओळखीचं होतं,
जरा जास्तच गडद.

वाटीच्या तळाशी दोन बोटं रंग उरला.
उरलेला रंग सगुण कधी टाकत नाही,
आमच्या न्हाणीचं दार तीन होड्यांच्या रंगांचं आहे.
त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं,
आणि ब्रश आपल्याच मिशीवर फिरवला.

सोमवारी आम्ही किनाऱ्यावर गेलो.
माझ्या कपाळाच्या कडेला
भरतीची उतरून गेलेली रेघ,
आणि माझे केस नि त्याची मिशी, एकाच रंगाचे,
एकाच मालकाच्या दोन होड्यांसारखे.

मालक कोण, ते जाऊने विचारलं.
मी पावत्या फाडत राहिले.