पोटखराब

दप्तरातली पहिली नोंद सोन्याची नाही,
दगडाची आहे:
सर्वे नंबर एकशे सतरा, मौजे येरगुंडी, तालुका देगलूर.
चार एकर अकरा गुंठे. पोटखराब. आकार नाही.
फसली तेराशे नऊ.

त्याआधीचं कागदावर नाही,
कारण नरसव्वा झारेकरणीला कागद ठाऊक नव्हता.
राख ठाऊक होती.
देगलूरच्या सराफ्यात सोनारांच्या पायऱ्या झाडायची,
शेगडीची राख, गटारीतला गाळ
पायलीवर विकत घ्यायची
आणि नदीवर नेऊन लाकडी पाटीत फिरवायची
दिवस बुडेपर्यंत.
एकदा राख संपली, हात थांबेनात,
म्हणून नदीचीच रेती घेतली पाटीत.
काळ्या रेतीच्या शेपटाला पिवळं काही बसून राहिलं,
मोहरीच्या सालीएवढं.

नदीचं नाव लेंडी.
सोनार हसला, आणि हसता हसता
गुंजभर कमीच तोललं त्यानं.

ती काही बोलली नाही.
तीन उन्हाळे ओघळ धरून वर चढत गेली,
दर पन्नास पावलांवर एक पाटी.
येरगुंडीच्या माळावर ओघळ संपला
तिथं पांढऱ्या गारगोटीची शीर होती उघडी.
गुराखी पोरं तिच्यावर बसून भाकरी खायची.

मग गोष्ट तिच्या हातून सुटली.
सोनाराकडून देशमुखाकडं, देशमुखाकडून कचेरीत,
आणि दर तोंडागणिक शीर हातभर रुंद झाली.
हैदराबादेहून मोहतमीम आले, मीर इनायत हुसेन,
छत्रीखाली बसून त्यांनी दगड चाटला.
गाव अजून तेवढंच सांगतं:
साहेबानं दगड चाटला.

कंपनी आली. कोलारहून तिरगूसाहेब आला
(खरं नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही).
वडारांनी सुरुंग लावले,
यल्लप्पाची दोन बोटं पहिल्याच आठवड्यात गेली.
सात परसावर पाणी लागलं.
अख्खा मुलूख पाण्यासाठी खणतो,
आणि इथं दोन मोटा रात्रंदिवस
लागलेलं पाणी माळावर फेकत होत्या.
बैलांनाही ते पटलं नसावं,
नाड्यावर मध्येच थांबायचे.

बारा परस. सतरा. बाभळीचे टेकू मोडले,
सागवान आलं किनवटहून.
मग पाच लोखंडी मुसळांचं यंत्र.
बाया म्हणायच्या, गारगोटी कांडतायत,
आता पाखडणार कोण?
पाखडत होता पारा,
तांब्याच्या पत्र्यावर पसरलेला, चंद्रासारखा, विषारी.

कारकून उदगीरकरांची मोडीतली वही माझ्यासमोर आहे.
नावेच्या बाजूला पानंच्या पानं:
दारू, वाती, सरपण, पारा, साहेबाच्या कोंबड्या,
यल्लप्पास खुशीने रुपये दोन, हल्ली शिक्का.
जमेच्या बाजूला पहिले नऊ महिने
एकच ओळ, दर अमावास्येच्या आसपास,
आणि साऱ्या दप्तरात तिचं नाव एवढ्याच ठिकाणी:

यंत्राखालचा टाकाऊ गाळ, पायल्या दोन.
घेणार नरसव्वा. आणे तीन, रोख.

ती घासाघीस करत नसे, असं दिसतं.
आकडा कधीच बदललेला नाही.