लोंढा जंक्शन, शनिवार

हनोखमामा वाक्रुळकर, निवृत्त सिग्नलमन,
शनिवारी चूल पेटवत नाहीत.
शेजारची सावंत्रव्वा चहाचा कप
खिडकीत ठेवून जाते, न विचारता.

सकाळी जनगणनेची पोर आली खानापुराहून.
मातृभाषा? मराठी.
धर्म? मामांनी सांगितला.
तिनं कागद उलटा करून पाहिला, मागच्या बाजूला
असेल की काय रकाना.

ती गेल्यावर मामा म्हणाले,
एक राजा होता, खझारांचा. घोड्यांचा मुलूख.
या अंगाला क्रूस, त्या अंगाला चंद्रकोर,
दोघांचे दूत एकाच गालिच्यावर.
राजा मोठा बेरकी.
त्यानं तिसराच देव निवडला,
ज्याच्याकडे फौज नव्हती.

मी विचारलं, आणि लोक?

मालगाडी गेली. सगळे डबे मोजून झाल्यावर
मामा बोलले:
असेल की एखादी बाई, घोडीचं दूध काढणारी.
तिला कुणीतरी सांगितलं असेल,
आजपासून शनिवारी काम बंद.
आणि घोडीची कास तर तटतटलेली.

मग?

मग काय. काढलं असेल तिनं,
पहाटेच्या अंधारात,
धार चरवीच्या कडेला लावून,
आवाज होऊ नये म्हणून.

माझ्या बापाला एका नोव्हेंबरात
शाळेच्या फळ्यावरून कळलं होतं
की आपलं राज्य बदललं.
त्यानंही त्या दिवशी
म्हैस पिळलीच होती.

मामांनी हात लांबवून
खिडकीतला कप घेतला.
साय धरली होती.